कल्पनेला टाळ्या नकोत, ऑर्डर द्या

‘कल्पना दमदार असली की पैसा मागून येतोच.’ नेवासा तालुक्यातल्या कॉलेजांत उद्योजकतेची जी शिबिरं भरतात, त्यांत हे वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात ऐकू येतंच. पाहुणे बाहेरून आलेले असतात, पडद्यावर एखाद्या टी-शर्ट कंपनीचा आलेख चढत जातो आणि मुलं ते वहीत उतरवून घेतात. दाखला बहुतेक वेळा कपड्यांचाच असतो, कारण तो सगळ्यांना कळतो. यंत्र घ्यायला नको, छपाई बाहेरून होते, विक्री मोबाइलवरून. शिबिर संपतं आणि नेवाशातली, कुकाण्यातली, सोनईतली काही पोरं खरोखरच कामाला लागतात. इन्स्टाग्रामवर पान उघडतं, इंग्रजी नाव ठरतं, लोगो होतो, टी-शर्टांचा पहिला लॉट येतो. काही महिन्यांनी त्यातले बरेचसे पलंगाखाली पडून असतात. मग आणखी एक वाक्य ऐकू येतं: ‘आपल्या पोरांत चिकाटी नाही.’

माझा या दोन्ही वाक्यांना विरोध आहे. पहिलं अर्धवट आहे आणि दुसरं अन्यायाचं आहे. विद्यार्थ्याच्या डोक्यातून निघालेला कपड्यांचा धंदा वाढतो तो जवळच्या गिऱ्हाईकावर, हाताच्या कसबावर आणि वेळेवर मिळालेल्या पैशावर. या तिन्हींपैकी काहीही न देता आपण पोरांना नुसती गोष्ट सांगतो आणि ती फसली की दोष त्यांच्या माथी मारतो.

ती गोष्ट कोणती, तेही पाहू. महाराष्ट्रात सर्वांत जास्त सांगितली जाते ती ‘बेवकूफ’ची. पवईच्या आयआयटीतून सिव्हिल इंजिनिअरिंग केलेले प्रभकिरण सिंग आणि सिद्धार्थ मुनोत या दोघांनी २०१२ मध्ये तीसेक हजार रुपयांवर ही टी-शर्टांची कंपनी सुरू केली. त्याआधी प्रभकिरण यांनी शिकत असतानाच लस्सी विकून पाहिली होती. पुढे कंपनी मोठी झाली आणि २०२२ च्या अखेरीस आदित्य बिर्ला समूहाच्या ‘टीएमआरडब्ल्यू’ने तिच्यात बहुसंख्य हिस्सा घेतला. हे सगळं खरं आहे आणि त्या दोघांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण शिबिरात त्यातले तीस हजार तेवढे सांगितले जातात आणि बाकीचं गाळलं जातं. पवईच्या त्या आवारात हजारो मुलं वसतिगृहात राहतात. ती एका वयाची, एका भाषेत हसणारी, खिशात थोडेफार पैसे असलेली. आपल्यासारख्याच पोरांना कसला मजकूर आवडेल हे त्या दोघांना कुणी शिकवावं लागलं नाही. वेबसाइट बांधणारे मित्र शेजारच्या खोलीत होते. छापणारे, शिवणारे, पार्सल पोचवणारे सगळे मुंबईत होते. धंदा बुडाला असता तरी आयआयटीची पदवी हातात होती.

नेवाशातल्या मुलाचा धंदा बुडाला तर काय बुडतं? उसाचं बिल. नियमाप्रमाणे ऊस तुटून गेल्यावर चौदा दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान ऊसदराचे, पैसे मिळायला हवेत. ते किती हप्त्यांत आणि कधी येतात, हे या तालुक्यातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. त्या बिलातून सोसायटीचं कर्ज, बहिणीचं लग्न आणि पुढच्या लागवडीचं बेणं भागायचं असतं. त्यातलेच पंचवीस हजार वडील पोराच्या हातावर ठेवतात. म्हणून ‘अपयशाला घाबरू नका, लवकर पडा, लवकर उठा’ हा सल्ला इथे देणाऱ्याने आधी विचारावं, पडलेल्याला उचलायला घरी कोण आहे.

आता हिशेब मांडू, कारण धंद्याची गोष्ट हिशेबाशिवाय सांगणं ही फसवणूक आहे. समजा, मुलाने शंभर टी-शर्ट केले. डिझाइनं चार, प्रत्येकाचे साइझ पाच. म्हणजे वीस खाने झाले आणि प्रत्येक खान्यात पाच नग. कापड, शिलाई, छपाई, पिशवी धरून नग अडीचशेला पडला, तर पंचवीस हजार गुंतले. विक्रीची किंमत ३९९. पहिल्या झपाट्यात एम आणि एल संपतात, कारण बहुतेकांना तेच बसतात. साठ नग गेले तर २३ हजार ९४० रुपये आले. साठ टी-शर्ट विकूनही मुद्दल सुटलेलं नाही. त्यात कुरिअरचा खर्च धरलेला नाही, आणि कॅश ऑन डिलिव्हरीवर पाठवलेलं पार्सल गिऱ्हाईकाने दारातूनच परत केलं तर जाण्यायेण्याचं भाडं अंगावर पडतं, तेही धरलेलं नाही. नफा आहे तो उरलेल्या चाळीस नगांत, आणि त्यात सगळे एस आणि डबल एक्सएल. एम मागणाऱ्या गिऱ्हाईकाला ‘संपला’ सांगावं लागतं आणि नवा लॉट काढायला पैसे नसतात. इथे चिकाटीचा काय संबंध? जगातला सर्वांत चिवट माणूसही एसच्या टी-शर्टात डबल एक्सएलचा माणूस बसवू शकत नाही.

करही असाच सांगायचा राहून जातो. मालाच्या विक्रीला वर्षाला चाळीस लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, एवढं पोरांना ठाऊक असतं. पण माल राज्याबाहेर विकायचा झाला की नोंदणी पहिल्या नगापासून लागते. राज्यातल्या राज्यात ऑनलाइन विकणाऱ्या छोट्यांना ऑक्टोबर २०२३ पासून सूट आहे, राज्याबाहेर नाही. ‘देशभर विका’ असं सांगणाऱ्याने हे एक वाक्य जोडायला हवं.

आता तोच मुलगा दुसऱ्या वाटेने गेला तर काय होतं ते पाहा. गणेशोत्सवाला मंडळाचे टी-शर्ट लागतात. शिवजयंतीला लागतात. टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धेला गावोगावचे संघ नाव-नंबर छापलेल्या जर्सीत उतरतात, कबड्डीचे संघही तसेच. मंडळाने शंभर टी-शर्ट सांगितले, नग तीनशेने. निम्मा ॲडव्हान्स घेतला तर पंधरा हजार हातात आले. कापडाचा आणि छपाईचा खर्च पंचवीस हजार. म्हणजे स्वतःचे फक्त दहा हजार, तेही काही दिवसांसाठी. प्रत्येक कार्यकर्त्याचा साइझ वहीत नावासकट लिहिलेला. पलंगाखाली एकही नग जाणार नाही. सुटले पाच हजार, आणि त्याहून मोलाचं म्हणजे शंभर लोकांनी ते अंगात घालून धुतले. रंग गेला की नाही, बगलेतली शिवण उसवली की नाही, गळ्याची पट्टी लोंबली की नाही, हे आठवड्याभरात चौकातच तोंडावर कळतं. एवढी कडक परीक्षा कुठलंही शिबिर घेत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप मला ठाऊक आहे. ‘ही ऑर्डरची कामं झाली. याला धंदा म्हणत नाहीत, ही शिंपीगिरी. यातून ब्रँड होत नाही.’ आक्षेपात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. ऑर्डरीवर जगणारा माणूस कायम दुसऱ्याच्या तारखेवर धावतो, आणि मंडळाचा अध्यक्ष बदलला की गिऱ्हाईक बदलतं. पण ‘यातून वाढ होत नाही’ हे साफ चूक आहे. सोलापुरातल्या जुन्या कापड गिरण्या बंद पडल्या, आणि त्याच शहरात रेडिमेडवाल्यांनी शाळेच्या गणवेशावर नवा धंदा उभा केला. गणवेशात चमकदार कल्पना कोणती? खाकी पँट, पांढरा शर्ट, निळा पिनाफोर. तरीही त्या कामातून सोलापूरचं नाव देशभर झालं, आणि २०१७ पासून तिथले उत्पादक संघटनेच्या जोरावर गणवेशांचं मोठं प्रदर्शन भरवू लागले. ठरलेलं गिऱ्हाईक, ठरलेली तारीख, दरवर्षी वाढणारी मुलं आणि दरवर्षी आखूड होणारे कपडे. एवढ्यावर ते शहर पुन्हा उभं राहिलं.

परदेशातला दाखलाच हवा असेल तर इंग्लंडच्या ‘जिमशार्क’चा घ्या. बेन फ्रान्सिस हा बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात शिकणारा, पिझ्झा पोचवून पैसे मिळवणारा मुलगा. २०१२ मध्ये त्याने शिलाई मशीन आणि छपाईचं साधन घेतलं आणि आई-वडिलांच्या गॅरेजमध्ये व्यायामाचे कपडे शिवायला सुरुवात केली. शिवायला त्याला आजीने शिकवलं. पुढे २०२० मध्ये त्या कंपनीची किंमत एक अब्ज पौंडांवर धरली गेली. आपल्याकडे यातला शेवटचा आकडा सांगतात. मला आजी महत्त्वाची वाटते. तो स्वतः मशीनवर बसला, आणि शिवले ते आपल्यासारख्या व्यायामशाळेत जाणाऱ्या पोरांसाठी. पवईतली दोन मुलं असोत की बर्मिंगहॅमचा हा मुलगा, गिऱ्हाईक शेजारचंच होतं.

दुसरा एक पक्ष आहे, तो अधिक भावनेचा. ‘आपल्या नेवासा-शेवगावच्या शिवारात कापूस पिकतो. आपला कापूस, आपलं कापड, आपला ब्रँड!’ ऐकायला हे फार गोड आहे. राज्याच्या २०२३ ते २०२८ च्या वस्त्रोद्योग धोरणानेही कापसावरची प्रक्रिया तीस टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे, आणि ते योग्यच आहे. पण ते काम जिनिंगवाल्याचं, सूतगिरणीचं, कोट्यवधींच्या भांडवलाचं. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर ते ठेवू नका. बोंडापासून बटणापर्यंत सगळं आपलंच असावं हा हट्ट धंद्याला लागत नाही. बांगलादेशात कापूस नावापुरता पिकतो, जवळपास सगळा बाहेरून येतो, तरी तयार कपड्यांच्या निर्यातीत तो देश जगाच्या आघाडीवर आहे. त्याची सुरुवात कशी झाली ते आपल्या शिबिरांतून सांगितलं गेलं पाहिजे. १९७९ मध्ये ‘देश गार्मेंट्स’च्या नूरुल कादेर यांनी १३० जणांना कोरियातल्या देवू कंपनीच्या कारखान्यात सहा महिने शिकायला पाठवलं. कटिंग, शिलाई, तपासणी, माल वेळेत रवाना करणं, सगळं ते तिथे शिकून आले. पुढच्या दहा वर्षांत त्यांतले शंभराहून अधिक लोक ती कंपनी सोडून गेले आणि त्यांतल्या अनेकांनी स्वतःचे कारखाने काढले. कापूस नव्हता, शिकलेले हात होते.

परंपरेचा अभिमान मलाही आहे. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळियांनी १९५४ नंतर नेवाशाला उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाच्या दफनात तांब्याचे मणी ओवलेला दोरा सापडला. त्यात रेशीम आणि कापूस दोन्ही होते. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी प्रवरेच्या काठी कुणीतरी आपल्या लेकरासाठी तो दोरा वळला किंवा दुरून मिळवला. देशातल्या सर्वांत जुन्या रेशमी धाग्यांपैकी हा एक. एखाद्या मुलाला टी-शर्टावर छापायला काही हवं असेल, तर अर्थ न कळणाऱ्या इंग्रजी ओळीऐवजी हे छापावं, मी पहिला विकत घेईन. पण त्या दोऱ्याच्या पुण्याईवर आज बाही शिवली जाणार नाही. ओव्हरलॉक मशीनवर कापड न खेचता कसं सोडायचं, होजिअरीचा ताका कटिंगआधी उलगडून का ठेवायचा, तो आखडला की धुतल्यावर टी-शर्ट कसा वाकडा होतो, हे कुणीतरी शेजारी उभं राहून शिकवावं लागतं. आयटीआयमध्ये शिलाईचा एक वर्षाचा कोर्स असतो, पण तो मुलींसाठी असं आपण मनाशी ठरवून टाकलं आहे. कपड्याचा धंदा काढणारा बी.कॉम.चा मुलगा त्या वर्गाच्या दारातही जात नाही, आणि त्या वर्गातली मुलगी धंद्याच्या शिबिराला बोलावली जात नाही. कल्पना एकीकडे आणि हात दुसरीकडे, अशी ही फारकत आपणच केली आहे.

‘नेवाशात कल्पनाच नाहीत’ म्हणणाऱ्यांना मी दिवाळीनंतर भेंड्याच्या किंवा सोनईच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला न्यायला तयार आहे. उसाच्या फडात कोयता घेऊन उतरलेली बाई पाहा. साडीवर पुरुषाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवलेला असतो, कारण उसाचं पातं हात चिरतं. शर्ट नवऱ्याचा किंवा भावाचा, खांद्यावर उतरलेला, बाह्या मनगटाच्या खाली लोंबणाऱ्या, बटण तुटलेलं. पोटाशी लहान मूल असेल तर पाजायला सोय नाही. मोबाइल ठेवायला धड खिसा नाही. तिच्या कामासाठी, तिच्या मापाचा, तिला परवडेल असा कपडा बाजारात मिळत नाही. पवईच्या वसतिगृहात बसलेल्याला ही गरज दिसणार नाही. आमच्या तालुक्यातल्या विद्यार्थ्याला ती रोज एसटीच्या खिडकीतून दिसते, आणि त्यांतल्या काहींच्या तर आयाच त्या शर्टात असतात.

असा कपडा तिलाच विकत घ्यायला सांगा, असं मी म्हणत नाही. उचल अंगावर असलेल्या बाईकडे चारशे रुपये कुठून येणार? पण गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घ्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असं ठरलेलं आहे. दहा लाख टन गाळणाऱ्या एका कारखान्यामागे हे एक कोटी होतात, सरकारचे धरून दोन. त्यातून फडातल्या बाईला हंगामाला दोन शर्ट देता येणार नाहीत, हे मला कुणी पटवून द्यावं. आणि ते शर्ट याच तालुक्यात, विद्यार्थ्यांनी आणि बचत गटांनी मिळून, त्या बायकांना विचारून, चार नमुने फडात वापरून पाहून का शिवू नयेत?

सरकारी ऑर्डर म्हटली की लोक कपाळाला आठ्या घालतात, आणि त्याला कारण आहे. गणवेशाचंच पाहा. २०२४-२५ मध्ये राज्याने ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून शाळा व्यवस्थापन समित्यांच्या हातातलं काम काढून घेतलं. कापड एका ठिकाणाहून कापून यायचं आणि शिवायचं बचत गटांच्या बायकांनी. स्काऊट-गाइडच्या गणवेशाला शिलाईचे शंभर आणि वरकड खर्चाचे दहा, असे ११० रुपये ठरले. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक ठिकाणी गणवेश पोचले नाहीत. पोचले ते कुणाला आखूड, कुणाला ढगळ. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये सरकारनेच निर्णय फिरवला आणि पुढच्या वर्षापासून काम पुन्हा शाळा समित्यांकडे दिलं. तेव्हा दोष बायकांना दिला गेला, तो मला अजून सलतो. मूल त्यांनी पाहिलेलं नाही, माप त्यांनी घेतलेलं नाही, कापड त्यांनी कापलेलं नाही. ११० रुपयांत दोरा, बटण, वीज आणि मजुरी बसवून त्यांनी शिवलं. मुंबईत बसून सबंध महाराष्ट्राची मापं ठरवणाऱ्यांचं ते अपयश होतं.

आता काम परत गावात आलं आहे, आणि माझा सगळा आग्रह इथे येऊन थांबतो. आपल्या जिल्ह्याला ज्यांचं नाव दिलं, त्या अहिल्यादेवींनी महेश्वरला विणकर आणून वसवले तेव्हा त्यांना नुसतं उत्तेजन दिलं नाही, दरबाराचं काम दिलं. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग लावला, तेव्हा जहागीरदार नारायणराव घोरपडे पाठीशी उभे राहिले. आपल्याकडे पाठीशी उभं राहायला कॉलेजं आहेत, कारखाने आहेत, पंचायत समिती आहे, पण खरेदीची वेळ आली की सगळ्यांची कोटेशनं बाहेरून येतात. जे कॉलेज सभागृहात स्टार्टअपवर व्याख्यान ठेवतं, तेच क्रीडा संघाचे ट्रॅकसूट आणि एनएसएसच्या शिबिराचे टी-शर्ट परगावच्या ठोक व्यापाऱ्याकडून मागवतं. आपल्याच वर्गातल्या मुलाला दर विचारायचंही कुणाला सुचत नाही. मी असं म्हणत नाही की वाईट माल घ्या. नमुना मागा, धुऊन पाहा, खराब असेल तर परत करा. पण आधी मागा तरी.

आणि पैसे वेळेवर द्या. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल पंचेचाळीस दिवसांच्या आत भागवावं, हा कायदा २००६ पासून आहे. एप्रिल २०२४ पासून तर उशीर करणाऱ्या खासगी खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात धरता येत नाही. पण तक्रार करायला उद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी हवी आणि मोठ्या गिऱ्हाईकाशी वाकडं घ्यायची हिंमत हवी. वीस वर्षांच्या पोराकडे पहिली नसते आणि दुसरी परवडत नाही. त्याचं बिल चार महिने रखडलं की कापडवाला दुसरा ताका उधार देत नाही आणि धंदा तिथेच संपतो. नोंदणी शिबिराच्या दिवशीच करून द्या. मोबाइलवर होते आणि फुकट होते.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. गणवेश पहिल्या दिवशी अंगात हवा असेल, तर मापं मार्चमध्येच वर्गात जाऊन घ्यावी लागतील, वाढत्या अंगाला इंच-दीड इंच धरून. एप्रिलमध्ये कापड, मेमध्ये शिलाई. परीक्षा संपलेली कॉलेजची मुलं त्या दोन महिन्यांत मोकळी असतात आणि बचत गटांच्या मशीन घरोघर झाकून ठेवलेल्या असतात. नेवासा तालुक्यातल्या प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीने येत्या फेब्रुवारीच्या बैठकीत हा एक विषय घ्यावा: एका वर्गाचे गणवेश गावातल्याच मुलामुलींना शिवायला द्यायचे, दर धड द्यायचा आणि निम्मी रक्कम कापड आणायच्या आधी हातात ठेवायची.